चौलच्या अंगणातली कांदाखांडणी

विंचूरच्या वाल्मीकरावांना कांद्यातलं सगळं कळतं, असं पंचक्रोशीत म्हणत; आणि सगळ्यांत मोठ्यानं ते स्वतःच म्हणत. म्हणून तर जे घडलं त्याचा एवढा बोभाटा झाला. दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं.

त्यांच्या तेजस्विनीनं घरात सांगितलं, की कृषी महाविद्यालयात बरोबर शिकलेल्या दिनेशशीच लग्न करीन. मुलगा निर्व्यसनी, शेती बघणारा. खोट एकच: घर रायगड जिल्ह्यात, चौलच्या जुन्या बंदराजवळ. तिच्या आईनं, लंकाबाईंनी, कपाळावर हात मारला.

"समुद्राच्या कडंला? आपल्या निफाडात पोरांचा दुष्काळ पडलाय का?"

तेजस्विनी आईशी भांडली नाही. बापाला एवढंच म्हणाली, "आबा, एकदा घर बघून या. तुम्ही नाय म्हणले तर मी पुन्हा विषय काढणार नाय."

इथंच वाल्मीकराव अडकले. पोर शब्दाची पक्की. नाही म्हटलं असतं तर तिनं खरोखरच पुन्हा विषय काढला नसता, मुकाट्यानं आतल्या आत झुरली असती. आणि होय म्हणायचं, तर एकुलती एक लेक आठ तासांच्या अंतरावर, खाऱ्या वाऱ्यात. फाल्गुनातल्या एका सकाळी त्यांनी मुलाला, योगेशला, गाडी काढायला लावली.

चौलला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. दिनेशचे आजोबा सावळीराम काठी टेकत अंगणाबाहेर येऊन उभेच होते. पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच म्हातारबुवा त्यांना बंदर दाखवायला घेऊन गेले.

"इथं अरब यायचे, फिरंगी यायचे. घोडे उतरायचे, कापड चढायचं. तुमच्या नाशकाकडचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून इथंच यायचा म्हणतात. माझ्या बापाचं गलबत होतं. नारळ, सुपारी, कांदा, सगळं मुंबईला न्यायचा."

वाल्मीकरावांनी पाहिलं. समोर चिखल, चिखलात कलंडलेल्या दोन होड्या आणि एक बगळा.

"मग गेलं कुठं ते सगळं?"

"गाळानं भरलं," म्हातारबुवा सहज म्हणाले, जणू काल-परवाचीच गोष्ट. "बंदर गेलं. बंदरावरच्या रिती तेवढ्या राहिल्या आमच्याकडे."

रितींवर पोट भरत नाही, असं वाल्मीकरावांच्या मनात आलं. रात्री दिनेशच्या आईनं, सुवर्णाबाईंनी, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. दिनेशचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती; वाडी आणि कांदा ह्या बाईनंच सांभाळला होता. जेवण झकास होतं, माणसं गोड होती, पण आयुष्य काही बिरड्यावर काढायचं नसतं. निजताना त्यांचं मन नाहीकडेच झुकलेलं होतं.

पहाटे सवयीप्रमाणे पाचला जाग आली. योगेश घोरत होता. सुवर्णाबाई आणि दिनेश उरलेला कांदा उपटायला उन्हाआधीच शेतावर गेले होते, म्हातारबुवा देवळात. वाल्मीकराव तोंड धुऊन, उजाडता उजाडता मागच्या अंगणात आले आणि थबकले. अंगणभर पांढराशुभ्र कांदा पसरलेला, आणि सगळा पातीसकट! पात चांगली सुकलेली, तरी कापलेली नाही.

"अरेरे," ते स्वतःशीच म्हणाले, "मजूर मिळाले नसतील बिचारीला."

आमच्याकडे कांदा उपटला की दोन-चार दिवसांनी पात कापायची, बोटभर मान ठेवायची; ह्याला खांडणी म्हणतात, आणि खांडणी तटलेली दिसली की निफाड तालुक्यातला माणूस जेवत नाही. पाहुण्याच्या घरी हातावर हात ठेवून बसायचं तरी कसं? भिंतीला अडकवलेला विळा दिसला. वाल्मीकरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि बैठक मारली.

काय हात चालला म्हणता! एका मापाच्या माना. मोठा कांदा इकडे, मधला तिकडे, बारीक गोलटी निराळी. काही माना जरा ओल्या लागल्या, पण म्हटलं चालायचंच. दोन तासांत अंगण निकालात निघालं. कापलेल्या पातीचा ढीग त्यांनी कुंपणाबाहेर गाईसमोर नेऊन टाकला आणि शाबासकीची वाट बघत ओट्यावर बसले.

सुवर्णाबाई चार बाया घेऊन आल्या. अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच उभ्या राहिल्या. मागची एक बाई ढिगाजवळ वाकली, तिनं एक बोडका कांदा उचलून पुन्हा खाली ठेवला.

"आता माळा कशाच्या विणायच्या?" ती म्हणाली.

वाल्मीकरावांना उमगेना. बायांच्या मागून आलेल्या दिनेशनं हळू आवाजात सांगितलं. ह्या बाजूचा पांढरा कांदा कधी सुटा विकत नाहीत. पात भिजवून, एकात एक गुंफून, वेणीसारखी माळ घालतात. पात गेली की माळ गेली, आणि माळ नाही त्या कांद्याकडे गिऱ्हाईक बघतही नाही. ह्या बाया माळा विणायलाच आल्या होत्या. कुंपणाबाहेर गाय अर्ध्या वर्षाची कमाई रवंथ करत उभी होती.

योगेश डोळे चोळत बाहेर आला. "आबा, काय करून ठेवलं हे?"

वाल्मीकराव उठले. "बाई, लय मोठी चूक झाली. आमच्याकडं... मला वाटलं..." आता ही माणसं काय म्हणतील? असल्या घरची मुलगी नको म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. आणि त्या क्षणी त्यांना लख्ख कळलं, की हे घर हातचं जाऊ नये असं त्यांना फार, फार वाटतंय. कालपासून नाही म्हणायला टपलेला माणूस होकारासाठी मनातल्या मनात नवस बोलू लागला.

म्हातारबुवा देवळातून परतले. अंगण पाहिलं, पाहुण्याचं तोंड पाहिलं, आणि काठी टेकवून खाली बसले.

"गलबतातला माल भिजला ना, तर माझा बाप कुणावर ओरडायचा नाही," ते सुनेला म्हणाले. "म्हणायचा, आधी काय वाचतंय ते बघा. चूक कुणाची ते विचारायला अख्खा पावसाळा पडलाय."

सुवर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, वर्षाची मेहनत होती ती. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ढिगातला एक कांदा उचलून वाल्मीकरावांच्या हातात दिला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "कांद्यातलं तुम्हाला कळतं. खरं सांगा, किती दिवस टिकेल हा?"

वाल्मीकरावांनी मान दाबली, वास घेतला, कानाशी धरून बोटानं टिचकी मारली. खोटं बोलण्याची सोयच नव्हती. "तुमच्या ह्या दमट हवेत? वीस दिवस. एकविसावा नाय."

"मग वीस दिवसांत लग्न उरकायला हवं. एवढा कांदा वऱ्हाडाशिवाय दुसरं कोण खाणार?"

बाया हसू लागल्या. म्हातारबुवा पंचांग आणायला आत गेले. वाल्मीकरावांना 'व्याही' हा शब्द आत्ता कुठं नीट ऐकू आला होता. योगेशनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे तेजस्विनीनं भीतभीत विचारलं, "आबा, कसं हाय घर?"

"पोरी," ते म्हणाले. "मी ह्यांचं वर्षाचं पीक घालवलं, आन् ह्यांनी मला व्याही म्हटलं. आता तू नाय म्हणलीस तरी मी ऐकणार नाय."