आक्कांची बाटली

निपाणीच्या नळाच्या पाण्यात प्लास्टिकमधली रसायनं येतात का, ते तपासायला निशा आली होती. नमुन्याला प्लास्टिक लागू नये म्हणून तिनं काचेची बाटली आणली होती. ती तारामतीआक्कांच्या दारातल्या नळाखाली धरणार, तोच आक्कांनी ती काढून घेतली.

"जैनाच्या घरातनं बिनगाळलेलं पाणी जायचं न्हाय!" म्हणत त्या आत जाऊन पाणी गाळून बाटली भरून आल्यासुद्धा.

निशाही जैनाचीच लेक. वाद न घालता तिनं दुसरी बाटली परसातल्या नळावर भरली.

नळाचं पाणी स्वच्छ निघालं. रसायनं सापडली ती आक्कांच्या बाटलीत.

हे सांगायला निशा गेली, तेव्हा आक्का गाळायच्या जुन्या सुती फडक्यानं नवं प्लास्टिकचं गाळणं पुसत होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग आता कशातनं गाळू?"