खुर्चीमागचा उमेदवार

आमचे हे कोणालाही नाही म्हणत नाहीत. लोकांना तो चांगुलपणा वाटतो. खरं तर तो धंदा आहे. ज्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवायचा त्याच्याशी वाद घालायचा नाही, मान हलली की कापतं, हे सासऱ्यांनी यांना लहानपणीच शिकवलं. त्यामुळे खुर्चीतलं गिऱ्हाईक काहीही बोलो, मागून हे म्हणणार, "बरोबर आहे साहेब." एक जण सांगतो, सरकार अगदी कुचकामी आहे. बरोबर आहे. तो उठतो न उठतो तोच दुसरा बसतो आणि सांगतो, असं सरकार पुन्हा होणे नाही. तेही बरोबर! दुकानामागच्या स्वयंपाकघरात मी हे सगळं ऐकायची आणि भांडी आपटायची.

मग नगरपरिषदेनं रस्ता रुंद करायचं काढलं आणि आमच्या भिंतीवर लाल फुली आली. खाली दुकान, वर झोपायची खोली. म्हणजे दुकान गेलं की घरही गेलंच. फुली मारायला आलेल्या माणसांना यांनी काय विचारावं? "बसता का, दाढी करून देतो." नगराध्यक्ष तर यांचं रोजचं गिऱ्हाईक. या रस्त्यानं गावाचं कसं सोनं होणार आहे ते त्यांनी गालाला फेस लावलेला असतानाच यांना समजावलं, आणि यांनी मान डोलावली.

"तुम्ही नगराध्यक्षपदाला उभे राहा," मी म्हटलं.

"मी? अगं, मला कोण मत देणार?"

"सगळे. गावातल्या प्रत्येकाला वाटतं, तुम्ही त्याच्याच बाजूचे आहात. निवडून या आणि तो रस्ता आधी रद्द करा."

नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून उभे राहिले.

प्रचार कसला तर दाढ्या करणं. नगराध्यक्षांनीही न्हावी बदलला नाही. रोज सकाळी ते आपल्या प्रतिस्पर्ध्यापुढे येऊन मान वर करून डोळे मिटायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा वस्तऱ्याकडे बघून माझ्या मनात नको ते यायचं. हे मात्र त्यांचे कल्ले नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं सारखे करायचे.

मतदानाआधी सार्वजनिक सभागृहात दोघांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. मी यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं : "माझं घर पाडून होणारा रस्ता मला मान्य नाही." आरशासमोर हे ते वाक्य इतकं ठणकावून म्हणायचे की मलाच दचकायला व्हायचं. स्वतःच्या प्रतिबिंबाशी यांचे कधीच मतभेद झाले नव्हते, पण आता तेही सुरू झाले म्हणून मी खूश होते.

प्रत्यक्षात झालं असं, की नगराध्यक्षांचा गुडघा दुखत होता. आयोजकांनी त्यांच्यासाठी व्यासपीठाच्या मधोमध हातांची मोठी खुर्ची टाकली. यांच्या माइकची वायर पुरेना, म्हणून तो माइक आणून उभा केला नेमका त्या खुर्चीच्या मागे. मी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"रस्ता झालाच पाहिजे!" नगराध्यक्ष गरजले. "त्यात कोणाचं दुकान जात असेल, तर त्यानं ते हसत हसत सोडलं पाहिजे!"

सगळ्यांचे डोळे यांच्याकडे. यांचे डोळे समोरच्या त्या ओळखीच्या टकलाकडे. यांचा हात आपोआप पुढे गेला, त्यानं साहेबांची कॉलर सारखी केली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं, "बरोबर आहे साहेब."

सभागृह हसून लोटपोट झालं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घरी येताना वाटेत हे आपले म्हणतात कसे, "मागे उभं केलं गं मला, काही सुचेचना."

पण लोक भारीच! दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पाव देताना मला म्हणाला, "वहिनी, धन्य आहे. गावासाठी स्वतःचं दुकान सोडायला निघालेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला." जो तो हेच बोलायला लागला. हे निवडून आले, आणि तेही दणक्यात. मी मनात म्हटलं, येडे असेनात का, माझं घर तर वाचलं.

पहिल्या बैठकीला मी मुद्दाम जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसले. रस्त्याचा विषय निघाला तसे माजी नगराध्यक्ष गुडघा सावरत उठले. आता ते नुसते नगरसेवक आणि विरोधात होते, म्हणजे रस्त्याच्याही विरोधात.

"हा रस्ता म्हणजे गोरगरिबांवर अन्याय आहे!" ते म्हणाले. "कष्टानं उभं केलेलं एक दुकान त्यात जातंय. ते वाचलंच पाहिजे. माझी मागणी आहे, हा ठराव रद्द करा!"

मला तर त्यांना जाऊन मिठी मारावीशी वाटली. यांना करायचं काय होतं? जन्मभर केलं तेच. मान डोलवायची, दोन शब्द बोलायचे, की छप्पर डोक्यावर राहिलं.

पण आज खुर्चीत हे होते आणि उभे ते होते. त्या माणसाचा चेहरा हे आरशाशिवाय, सरळ समोरून पाहत होते. मी बाकाची कड घट्ट धरली.

"नाही," हे म्हणाले. "लोकांनी मला मतं दिली ती त्या एका शब्दावर. तो माझ्या तोंडून कसाही निघालेला असो, त्यांनी तो खरा धरलाय. रस्ता होईल."

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठलं. माजी नगराध्यक्षसुद्धा क्षणभर गोंधळून टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "तुमचेच ना हे?"

"हो," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. घर गेलं म्हणून तर रडत होतेच. पण मला यांचा अभिमान वाटत होता, आणि त्याचाच संताप जास्त येत होता.