पाय धावणाऱ्याकडे

मित्रांनो, तुम्ही कधी ना कधी अडथळ्यांची शर्यत पाहिली असेल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आडव्या फळ्या रांगेत उभ्या असतात आणि मुलंमुली त्यांच्यावरून झेपा घेत पळत जातात. मैदानावर आम्हाला हर्डल म्हणतात. मी तसाच एक जुना हर्डल आहे. माझी फळी मधोमध वाकली आहे, डाव्या पायाला जोड दिला आहे, आणि माझा कुठला पट्टा काळा होता नि कुठला पांढरा, हे मलाच आठवून बघावं लागतं. पण आज सकाळपासून मी इतका खुशीत आहे की मला गप्प बसवत नाही. का, ते सांगतोच. आधी माझी सगळी हकीकत ऐका.

माझा जन्म दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी त्याला कागदावर चित्र काढून दिलं होतं. त्याने मन लावून मला घडवलं, जाड नळ्या वापरल्या, सांधे पक्के केले. सर आले, मागे सरकले आणि त्यांनी मला एक सणसणीत लाथ घातली. मी हललो नाही. वेल्डरची छाती फुगली.

"बिघडला," सर म्हणाले.

"बिघडला? साहेब, माझ्या हातची वस्तू पडत नसते."

"ही पडली पाहिजे. पोरीच्या पायाला लागायच्या आत पडली पाहिजे."

 मग वेल्डरने माझे दोन्ही पाय कापले आणि एकाच बाजूला लांब राहतील असे पुन्हा जोडले. मित्रांनो, आमच्या जातीची सगळी खुबी या पायांत आहे. आमचे पाय नेहमी पळत येणाऱ्याच्या दिशेने ठेवायचे असतात. मग त्याचा पाय फळीला लागला की आम्ही अलगद पुढे पडतो आणि त्याला वाट मोकळी होते. उलटं ठेवलं, तर आम्ही भिंतीसारखे अडून राहतो. म्हणून रोज सकाळी सर मैदानभर ओरडत फिरायचे, "पाय धावणाऱ्याकडे! पाय कुणाकडे?" आणि मुलं आळसावलेल्या आवाजात म्हणायची, "धावणाऱ्याकडे."

सरांचं दुसरंही एक सांगणं होतं. "हर्डल पडला तर पडला. त्याने कुणी बाद होत नाही. मागे वळून बघितलंत तर मात्र गेलात."

त्या मैदानावर माझे दिवस फार मजेत गेले. पण खरी बहार आली ती नाकतोडी आल्यावर. हे नाव सरांनी ठेवलं. लांब हडकुळे पाय, आणि उडी अशी, की ती कधी निघाली आणि कधी उतरली ते समजायचं नाही. माझ्यावरून जाताना तिच्या बुटाच्या तळव्याचा वारा फळीला लागायचा, पण बूट लागायचा नाही. ती दिसली की मी अंगातला गंज विसरून ताठ उभा राहायचो.

तिला आणखी एक नाद होता, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. तिचा मित्र गोळाफेक करायचा. अंगाने भरलेला, चेहऱ्याने गोल, त्यामुळे सगळे त्याला भोपळा म्हणत. गोळाफेक बघायला कधी कुत्रंही यायचं नाही. नाकतोडीने एकदा गोळ्याचा व्हिडिओ काढलाच नाही, भोपळ्याच्या चेहऱ्याचा काढला. गोळा सुटताना त्याचे गाल, डोळे, भुवया जे काही करत होते, ते बघून आख्खं कॉलेज लोटपोट झालं. पुढच्या स्पर्धेला मैदानाच्या त्या कोपऱ्यात उभं राहायला जागा नव्हती.

"माझी लाज काढलीस तू," भोपळा फुरंगटून म्हणाला.

"अरे, माणसं आली ना बघायला? टाळ्या कुणाला पडल्या, मला?"

भोपळ्याने गालावरून हात फिरवला. "पुढच्या वेळी दाढी करून येतो," तो म्हणाला.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. मोठ्या संघाची निवड दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी नाकतोडीला चैन पडेना. एकदा, फक्त एकदा म्हणून तिने मला उचललं आणि घाईत धावपट्टीवर ठेवलं. उलटं. माझे पाय तिच्याकडे नव्हते. मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं. ती वाऱ्यासारखी आली, तिचा गुडघा फळीला लागला, आणि मैदानावर पहिल्यांदाच मी पडलो नाही. ती पडली.

डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, हळूहळू पळताही येईल. पण उड्या बंद.

त्याच वर्षी कॉलेजात हलके, चकचकीत नवे हर्डल आले. माझी रवानगी कोठीत, फुटक्या बाकांच्या मागे झाली. धूळ, कोळी आणि अंधार. शेवटी भंगारवाल्याची गाडी दारात आली तेव्हा एक ओळखीची चाल मला ऐकू आली, एक पाय किंचित ओढणारी.

"सर, हा मी नेऊ?"

सरांनी माझ्यावरची धूळ फुंकली. "याच्यावरच पडलीस ना तू?"

"हो. मीच उलटा ठेवला होता."

"ने मग. तुमच्या दोघांचं भांडण आहे, तुम्हीच मिटवा."

तिचं घर दीड खोलीचं. तिची आई मला बघून म्हणाली, "इथे चालायला जागा नाही, आणि ही आडवी दांडी घेऊन आली." दुसऱ्या दिवशी माझ्यावर ओले टॉवेल वाळत होते. मी म्हटलं, चला, काही तरी उपयोग झाला. पण नाकतोडीच्या डोक्यात वेगळंच होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने मोबाइल माझ्या फळीला बांधला. फळी वर-खाली सरकवता येते ना माझी? जिथे पाहिजे तिथे मोबाइल स्थिर राहू लागला. ज्याच्यावरून ती उडी मारायची तो मी, आता तिचा तिसरा डोळा झालो.

तिने ठरवलं होतं, लहान दुकानदारांची सोशल मीडियावर जाहिरात करून द्यायची. म्हणजे त्यांची पानं सांभाळायची, व्हिडिओ करायचे, माणसं दुकानापर्यंत आणायची. भोपळा भागीदार. पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरचे सायकलवाले काका, ज्यांनी ती ट्यूब दिली होती.

काकांचा हात सायकलवर असा चालायचा की बघत राहावं. तोंडही तसंच चालायचं. पण मोबाइल समोर आला की काकांचा खांब व्हायचा. नाकतोडीने त्यांना जावयाचा कोट घालायला लावला, मागे नवा पडदा टांगला, संगीत लावलं. काका पापणी न लववता म्हणाले, "नमस्कार. आमच्याकडे सर्व प्रकारच्या सायकलींची दुरुस्ती करून मिळेल."

काकूंनी तो व्हिडिओ पाहिला. "हे कोण?" त्या म्हणाल्या. "आमचे हे असं बोलत असते तर मी लग्नाला उभीच राहिले नसते."

तो व्हिडिओ बाहेर कुणी पाहिला नाही. पाहिला तो नाकतोडीने, भोपळ्याने आणि काका-काकूंनी. काकांनी मात्र पुन्हा पुन्हा पाहिला, कोटासाठी.

असे आणखी काही झाले, एकाहून एक गुळगुळीत. दुकानात कुणी नवं माणूस येईना. इकडे घरी तिच्या बाबांचा धीर संपला. ते एका गोदामात कामाला होते आणि तिथेच तिच्यासाठी शब्द टाकून आले होते.

"सोमवारपासून माझ्याबरोबर यायचं. साहेबांना सांगून ठेवलंय."

"बाबा, शनिवारपर्यंत थांबा ना. काकांच्या दुकानात सायकल-तपासणी ठेवली आहे, फुकट. लोक येणार आहेत."

"कोण लोक?"

ती मोबाइलवर नावं शोधू लागली. बाबा तिच्या गुडघ्याकडे बघत हळूच म्हणाले, "पोरी, एकदा पडलीस तेव्हा मी काही करू शकलो नाही. आता परत पडताना बघवणार नाही मला. लोक आले, तर मी गप्प बसेन. नाही आले, तर सोमवारी डबा दोन जणांचा."

म्हणजे काय, मित्रांनो, सगळं त्या शनिवारवर आलं. निवडीची चाचणीच म्हणा ना.

शुक्रवारी दुपारी तिने शेवटचा डाव टाकला. लाइव्ह, म्हणजे दुकानात घडेल ते त्याच क्षणी लोकांच्या मोबाइलवर. तिने मला दुकानाच्या मधोमध उभं केलं, मोबाइल बांधला. सवयीने तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, आणि तिने ते दाराच्या दिशेने वळवले. "पाय धावणाऱ्याकडे," ती पुटपुटली आणि स्वतःशीच हसली. दारातून कोण धावत येणार होतं?

काका कोट घालून खांब झाले. "नमस्कार. उद्या शनिवारी..." पुढचं ते विसरले. घाम फुटला. बघणारे होते मूठभर, तेही एकेक करून निघून चालले होते.

आणि दारातून भोपळा आला. स्वतःच्या मोबाइलवर तोच लाइव्ह बघत, मान खाली घालून. त्याचं ते सगळं वजन थेट माझ्या फळीला लागलं.

मी पडलो. अहाहा, काय पडलो. जसा वेल्डरने घडवला होता तसा, अलगद, पुढे, कुणाला इजा न करता. ट्यूबची पट्टी सुटली, मोबाइल घसरत स्टँडवर लावलेल्या एका सायकलीखाली गेला आणि कॅमेरा वर करून उताणा पडला.

नाकतोडी झेपावली. हात मोबाइलपर्यंत गेलाही होता. तेवढ्यात भोपळा आपल्या पडद्याकडे बघत कुजबुजला, "चालू आहे. अजून चालू आहे. खालून दिसतंय सगळं." तिचा हात थांबला. मी जमिनीवरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा मला पाठ होता, शेजारचा हर्डल पडला तरी पुढच्याकडे बघणारा. तिने मोबाइल उचलला नाही. काकांना मात्र काही सांगितलं नाही.

काकांना वाटलं, संपलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कोट भिरकावला आणि मोबाइल काढून द्यायला जमिनीवर आडवे झाले. नजर वर गेली आणि ते मोबाइल विसरलेच.

"अरे देवा, ही कुणाची सायकल? पोरी, ये इकडे, आडवी हो. बघ इथे. वरून नवरदेवासारखी पुसून चकाचक, आणि खाली बघ काय चिखल. साखळी रडतेय बिचारी. भोपळ्या, तुझीच ना ही?"

"माझीच," भोपळा म्हणाला. "रोज पुसतो, काका."

"तोंड पुसतोस. पाय कोण धुणार, मी?"

नाकतोडी दुखरा गुडघा सांभाळत त्यांच्या शेजारी आडवी झाली आणि विचारत गेली. हे काय, ते काय, हा आवाज कशाचा. काका बोलत गेले. हातवारे, टोमणे, मध्येच साखळीला पुचकारणं. भोपळा आपल्या पडद्याकडे बघून डोळे मोठे करत होता, पण तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मूठभराचे पसाभर झाले, पसाभराची गर्दी झाली. लोक एकमेकांना पाठवत होते. शेवटी नाकतोडी हळूच म्हणाली, "काका, आता इकडे बघून सांगा, उद्या काय आहे?"

"काय असणार? आणा म्हणावं सायकली, खालून बघून देतो," काका म्हणाले. मग त्यांना मोबाइलचा डोळा दिसला आणि ते पुन्हा खांब झाले, पण या वेळी आडवे.

शनिवारी दार उघडलं तेव्हा रस्ता रिकामा होता. नाकतोडी मला धरून उभी होती. तिचा तळवा घामेजला होता, शर्यतीआधी असायचा तसाच. मग वळणावरून एक बाई आली, सायकल ढकलत. तिच्यामागे दोघी बहिणी. मग कॉलेजची मुलं, टपालवाला, एक आजोबा. कितीतरी जणांनी दुकानाशी येताच आपली सायकल उलटी उभी केली, चाकं आभाळाकडे. बघता बघता फुटपाथभर उलट्या सायकलींची रांगच लागली. काका बनियनवर, हाताला काळं, तोंडाचा पट्टा चालू. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हां, हे आमचे."

रांगेच्या शेवटी एक ओळखीचं माणूस होतं. गोदामात जायची आपली जुनी सायकल उलटी करून, तिचं पेडल हाताने फिरवत उभं.

"बाबा, तुम्ही?"

"खालून बघून देतात म्हणे इथे." त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. मग घसा खाकरला. "सोमवारी साहेबांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी कामावर गेली."

"तेच सांगतो," बाबा म्हणाले आणि पुढे सरकले.

तिथून जे काम सुटलं ते थांबलंच नाही. चष्मेवाला, खेळणी दुरुस्त करणारी, पोहायला शिकवणाऱ्या बाई, अशी रीघ लागली. आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे, मोठ्या खिडक्यांचं. चांगली महागडी उपकरणं आहेत. तरी मी खिडकीशी उभा असतो. कुणी नवा माणूस कामाला आला की ती आधी मला ठेवायला शिकवते आणि विचारते, "पाय कुणाकडे?"

मित्रांनो, मला तुमच्याकडे फार काही मागायचं नाही. घरातल्या, मैदानावरच्या जुन्या वस्तूंच्या सांध्यांना अधूनमधून तेल घाला, एवढंच. आणि कुणाच्याही वाटेत काही ठेवायचं झालं, तर आधी येणाऱ्याचा विचार करून ठेवा. तो धडकला तर वस्तू पडू दे, माणूस नको. मी उभा राहिलो तेव्हा कुणाचं भलं झालं नाही. जे झालं ते माझ्या पडण्याने झालं, आणि पडल्यावर पुढे बघणाऱ्या एका मुलीने.

आता माझ्या खुशीचं कारण. आज सकाळी मला गाडीत घालून त्याच जुन्या मैदानावर आणलं आहे. खेळायला मुली येईनाशा झाल्या म्हणून सरांनी नाकतोडीला जाहिरात करायला बोलावलं. गवताचा वास तोच आहे. सर समोर उभे आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. मैदानभर ओरडणारा तो माणूस माझ्या फळीला बांधलेल्या मोबाइलसमोर काकांसारखा खांब झाला आहे.

"नमस्कार," सर म्हणतात आणि थांबतात.

नाकतोडी मला जरा वळवते. माझे पाय नीट बघून घेते. मग धावपट्टीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या भोपळ्याला हळूच मान डोलावते.

तो येतोय, मित्रांनो. जमीन हादरतेय. मी तयार आहे.