कोरड्या विहिरीचं पाणी

विज्ञानाच्या बाईंनी कोपऱ्यातली खोली उघडली आणि त्या दारातच थबकल्या. पोरांनी घरोघर फिरून जमवलेल्या जुन्या बॅटऱ्यांची पोती तिथे छतापर्यंत रचलेली असायची. ती न्यायला गाडी आज येते, उद्या येते करत कधी आलीच नाही. आता खोली रिकामी होती.

"सर, पोती कुठं गेली?"

हेडसर अंगणात खुर्च्या मांडून घेत होते. आज शाळेला पर्यावरणाचं बक्षीस मिळायचं होतं, त्यामुळे स्वारी हवेत होती. "सुट्टीतच विल्हेवाट लावली. मागच्या कोरड्या विहिरीत. ना कुणाला दिसत, ना वास."

छपरावरचं पावसाचं पाणी बाईंनीच पोरांकडून नळ्या जोडून त्या विहिरीत सोडलं होतं. ते तिथून जमिनीत मुरायचं आणि शेजारच्या बोअरवेलमधून शाळेच्या नळाला यायचं. बक्षीस त्याचंच होतं. सगळी आकृती ऑफिसात हेडसरांच्या खुर्चीमागेच टांगलेली, पण दिव्याखाली अंधार. आणि यंदा पाऊस धो धो पडला होता.

"अहो सर, तेच पाणी पोरं पितात!"

"बॅटरी म्हणजे काय विष आहे का? आणि असलंच तर उद्या बोलू. आज तोंडाला कुलूप."

चिडायचं तरी कुणावर? बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका, शाळेत आणा, एवढंच बाईंनी शिकवलं होतं. आत काय असतं ते वरच्या इयत्तेत येतं म्हणून सोडून दिलं होतं. दुसरीतली त्यांची लेक महिनाभर कुरकुरत होती, पाणी कसंतरीच लागतं, पोटात दुखतं. शाळा बुडवायची नाटकं, म्हणून बाईंनीच तिच्या पाठीत धपाटा घातला होता. आता त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

पाहुणे आले, हारतुरे झाले. पोरांनी सगळ्या प्रश्नांची खडाखडा उत्तरं दिली. मुख्य पाहुणे खूश झाले. "वा! मग तुमच्याच नळाचं पाणी पाजा की आम्हाला!"

बाईंची लेक भरलेला पेला घेऊन निघाली. पाहुण्यांबरोबर आपणही प्यायचं म्हणून पोरांनी हसत हसत बाटल्यांची झाकणं उघडली.

बाई उठल्या. हेडसरांनी डोळे वटारले.

"थांबा! कुणी पिऊ नका."

त्यांनी पेला हिसकावून मातीत ओतला. "बाई, पाणी वाया गेलं!" पुढची पोरं कळवळली. थेंबसुद्धा सांडायचा नाही, हे त्यांच्याकडून बाईंनीच घोटून घेतलं होतं.

मग बाईंनी सगळं सांगितलं, पोरांना कळेल अशा शब्दांत. पोरांनी बाटल्या उपड्या केल्या.

शाळेत लेक त्यांना बाईच म्हणायची. आज विसरली.

"आई, आम्ही प्यायलेलं कुठं ओतायचं?"