नीलमोहराची गल्ली

गुंडूनं कोमट पाण्यात फडका पिळला आणि चंद्रीच्या कासेला लावला. म्हशीनं मागचा पाय झाडला. स्टीलची कळशी गंगावेशीतल्या रस्त्यावर घरंगळत गेली. दूधकट्ट्यावर बसलेल्या बादशहानं ती पायानं अडवली, उचलून आणून दिली आणि न बोलता परत जागेवर जाऊन बसला. एरवी दोन शिव्या आणि चार सल्ले दिल्याशिवाय हा माणूस कुणाची कळशी परत करायचा नाही.

सुतक फिटल्यावरची ही पहिली संध्याकाळ. समोर पिळलेलं दूध ग्लासात घ्यायचं आणि फेसाच्या मिशा पुसत घटकाभर गप्पा ठोकायच्या, यासाठी रोज येणारी माणसं आजही आली होती.

"पान्हा चोरत्याय अजून?" बादशहानं विचारलं.

"व्हय. मेव्हणा पिळत हुता एवढं दिस. त्याला बी अर्धंच दिलं."

"डॉक्टर काय म्हणतोय?"

"उद्यापास्नं सुई टोच म्हणतोय. न्हाईतर दूध तटून दगडी हुईल, कास जाईल."

पान्ह्याच्या इंजेक्शनचं दूध गुंडूच्या बापानं कधी कट्ट्यावर आणलं नव्हतं, गुंडूनंही नाही. पण आज प्रश्न इभ्रतीचा नव्हता. सुईची सवय लागलेली जनावरं शेवटी कसायाकडं जातात हे त्यानं बाजारात पाहिलं होतं, आणि चंद्री त्याच्या पोराची, यशराजची होती. पहिल्या वेताचं रेडकू मेलं तेव्हा ती कुणालाच कासेला हात लावू देईना. यशराज कॉलेजातनं आला की तिच्या कानाशी बसायचा आणि काहीबाही बडबडायचा. कुणाची कुणाशी मारामारी झाली, कोण कुणाच्या मागं लागलंय. ऐकता ऐकता ती पान्हा सोडायची.

तो हॉटेलातल्या नोकरीवर लिस्बनला गेला आणि म्हैस पुन्हा अडून बसली. तोड त्यानंच काढली. तिकडून फोनवर आवाज पाठवायचा. गुंडू फोन कट्ट्याच्या कडेला, चंद्रीच्या तोंडाशी ठेवायचा आणि धारेला बसायचा.

आवाजात तिथल्या गल्ल्या असायच्या. रस्त्यावरच टेबलखुर्च्या मांडून बसलेली माणसं, बोटभर कपातली कडू कॉफी, निळ्या फरशा लावलेल्या भिंती, चढावर कण्हत जाणारी पिवळी ट्राम. दोन वर्षांत कट्ट्याला लिस्बन पाठ झालं. पायऱ्यांच्या गल्लीत उतारावर टेबल सरळ उभं राहावं म्हणून त्याचे दोन पाय कापतात, हे ऐकून ट्रंका बनवणारा बादशहा आठवडाभर अस्वस्थ होता. पाय कापायचे कशाला, दोन पायांना पत्र्याचे जोड द्यावेत, असा निरोप त्यानं गुंडूकरवी तिकडं पाठवलाही होता.

गुंडूचा नेम एकच. आवाज पहाटे येवो की दुपारी, तो ऐकायचा संध्याकाळी, धारेच्या वेळी, म्हशीबरोबर. आपण आधी ऐकला तर तो उष्टा होतो, आणि मुक्या जनावराला उष्टं का घालायचं, असं त्याचं म्हणणं. बायको हसायची. यशराजलाही हे ठाऊक होतं.

त्या सोमवारी पहाटे असाच एक आवाज आला. गुंडूनं तो राखून ठेवला. दुपारी तिकडून कुणाचा तरी फोन आला. पाऊस होता, उतार होता, यशराजची सायकल घसरून ट्रकखाली गेली. हॉटेलात नोकरीला असलेल्या पोराकडं सायकल कशाला, हे त्या आकांतात कुणी विचारलं नाही. पुढं पेटी आली, पंचगंगेच्या घाटावर सगळं उरकलं आणि गुंडूनं फोन बंद करून कपाटात टाकला. तो पहाटेचा आवाज तसाच राहिला.

आज घरातून निघताना बायकोनं, चिमणाबाईनं फोन चालू करून त्याच्या खिशात घातला होता.

"मला न्हाय ऐकवायचं त्येचं," गुंडू म्हणाला होता.

"तुमास्नी कोण ऐका म्हणतंय? तिला ऐकवा. पोरगं गेलं, त्येची म्हस तरी ऱ्हाऊ द्या."

गुंडूनं आता खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. मग तो बादशहाकडं वळला.

"कुठली लावू?"

बादशहानं मान खाली घातली. "नीलमोहराची लाव, गुंडूदा."

ती रविवारची होती, म्हणजे शेवटून दुसरी. तिच्याखाली तो न ऐकलेला आवाज होता. एक संपला की पुढचा आपसूक सुरू होतो, हे गुंडूला माहीत होतं. संपताना बंद करू, असं मनाशी म्हणून त्यानं बोट ठेवलं, फोन चंद्रीच्या तोंडाशी ठेवला आणि तो घाईनं कासेशी बसला.

"आबा, आज नीलमोहराची गल्ली. सगळी गल्ली जांभळी झाल्याय बघा. एक म्हातारी हितं रोज कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसत्याय. तिच्या कॉफीत फूल पडतंय. ती फुकून बाजूला करती आणि पिती. दुसरा कप मागत न्हाय..."

चंद्रीचे कान पुढं झाले. गुंडूच्या बोटांखाली कास मात्र दगडासारखीच होती. तो आचळं चोळत राहिला. म्हातारी झाली, तिचा कुत्रा झाला, घंटा वाजवत ट्राम गेली. अगदी शेवटी, यशराज "बरं, ठेवतो" म्हणाला तेव्हा कास सैल पडली आणि पहिली धार कळशीत वाजली.

गुंडूनं फोनकडं पाहिलं. हात काढला तर पान्हा चढणार. त्यानं हात काढले नाहीत.

"आबा," फोन बोलू लागला, "आज गल्ली-बिल्ली काय न्हाय. आबा, मी त्या खुर्च्यांवर कधीच बसलो न्हाय. हाटेलातलं काम पयल्याच वर्षी गेलं. सायकलवरनं लोकांस्नी जेवाण पोचवतोय, त्याच गल्ल्यांतनं. बसलं की काय तरी मागवाय लागतंय. म्हणून जाता जाता बघतोय आणि तुमास्नी सांगतोय. पावसात ह्या उतारावर बिरेक लागत न्हाईत. भ्या वाटतंय, आबा. मला घरला यायचंय. तुमी नुसतं ये म्हणा. लोकं काय म्हणतील ते म्हणू देत. तुमी सांजच्याला ऐकणार, ठावं हाय मला. तंवर मारतो फेऱ्या. चंद्रे, ऐकतीस न्हवं?"

फोन गप्प झाला. बादशहा तळहातानं तोंड झाकून बसला होता.

चंद्री डोळे मिटून उभी होती आणि दूध वाहत होतं. तिला आवाज हवा होता, तो मिळाला. गुंडूला रडू आलं नाही. स्वतःच्या हातांचा संताप आला, मनगटापासून तोडून फेकावेत इतका. त्या सोमवारी पहाटेपासून दुपारपर्यंत फोन याच खिशात होता. एक बोट ठेवायचं काम होतं. तरी ते हात धार काढत राहिले. मधे सोडलं असतं तर म्हैस गेली असती. कास पार मऊ होईपर्यंत तो उठला नाही.

मग तो उठला. त्यानं फोन उचलला, ओला अंगठा सदऱ्याला पुसला आणि बोलायच्या जागेवर दाबून धरला.

"ये," तो म्हणाला. "टाक ती सायकल. ये रं घरला."

अंगठा उचलला. निरोप गेला. त्याच्याखाली एक टिक उमटली. दुसरी उमटेल म्हणून गुंडू फोन डोळ्यांसमोर धरून उभा राहिला, आणि कट्टाही त्याच्याबरोबर थांबला. कुणी ग्लास पुढं केला नाही.

कळशीतला फेस बसला. तेव्हा गुंडूनं फोन खिशात टाकला, बादशहाच्या हातातला ग्लास घेतला आणि काठोकाठ भरून त्याला दिला.