पॅरिसमधला भाचा

सोनालीची पॅरिसमधली राहायची सोय आमच्या जुळे सोलापुरातल्या स्वयंपाकघरात बसून झाली, आणि ती माझ्या सासूबाईंनी केली.

सोनाली माझी नणंद. सप्टेंबरात जर्मनीला शिकायला गेली. शनिवार-रविवार धरून पॅरिस बघून यायचं, असं तिचं नि दोन मैत्रिणींचं ठरलं होतं. बस, होस्टेल, सगळं तिनंच बुक केलेलं. मग एक मैत्रीण तापानं पडली, दुसरीची परीक्षा निघाली, आणि ही म्हणाली, मी एकटी जाते. इथवरही ठीक होतं. पण व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तिनं होस्टेलचे फोटो दाखवले. सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात) चष्मा लावून विचारलं, "ह्या वरल्या खाटंवर कोण झोपणार?"

"कुणीही. आठ जणांची खोली आहे, आई."

"बायाच की?"

सोनालीला इथं एक खोटं बोलून मोकळं होता आलं असतं. तिला ते जमत नाही. "मिक्स असते," ती म्हणाली.

झालं. परक्या बाप्यांच्या खोलीत पोरगी झोपणार, ह्याशिवाय घरात विषय राहिला नाही. शेवटी कंटाळून सोनालीनं युरोपातल्या मराठी लोकांच्या एका ग्रुपवर विचारलं, पॅरिसमध्ये कुणा कुटुंबात दोन रात्री सोय होईल का. तासाभरात एकाचा मेसेज आला. अभिमन्यू माने, बायको रेश्मा, शहराबाहेर लोकलच्या अंतरावर घर. खाली लिहिलेलं, 'आधी तुमच्या आईंशी बोलू दे. त्यांची खात्री पटली तरच या.'

"बघ, याला म्हणतात वळण," मल्हार मला म्हणाला. मल्हार माझा नवरा.

मला ते वाक्य जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. पण नुसतं वाटण्यावर काय बोलणार.

व्हिडिओ कॉल झाला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. बायको स्वयंपाकात आहे म्हणाला. आत्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली.

"माने म्हंजे कुठलं माने?"

"सोलापूर जिल्ह्यातलेच, मावशी."

"सांगोल्याकडलं?"

"हो, सांगोल्याकडचेच."

"जुनोनीचं तर न्हवं?"

"अहो, जुनोनीच."

आत्या सरसावून बसल्या. जुनोनी त्यांचं माहेर. "कुंडलिकतात्याच्या घरातला हाईस व्हय रं? त्येचा एक ल्योक पुण्याला कंपनीत गेल्ता, त्येचा तू?"

"त्यांचाच. मी पुण्यात वाढलो, म्हणून गावाकडं येणं कमी."

"तरीच. नाक बघा की, तात्याचंच नाक." आत्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "भाचा लागतो माजा. जगाच्या टोकाला माजा भाचा बसलाय आनि मला म्हाईत न्हाय."

नंतर फोनवर सोनाली चाचरत म्हणाली की मी त्यांना भेटेन, जेवेनही, पण झोपायला होस्टेलवर जाईन. त्यावर आत्या रागावल्या आणि मल्हार म्हणाला, "घरचं माणूस असताना? त्याला काय वाटेल?" तिनं होस्टेल रद्द केलं.

ती शुक्रवारी रात्री बसमध्ये बसली. शनिवारी दुपारी आम्ही जेवणं उरकत होतो तेव्हा तिचा फोटो आला. मागं तो टॉवर, ढगाळ आभाळ, पुढं गारठलेली सोनाली. शेजारी अभिमन्यू, आणि तिची सॅक त्याच्या खांद्यावर. खाली लिहिलेलं, 'दादा न्यायला आले होते. थोडं फिरून जेवायला घरी जातोय.'

मी लेकीला वरणभात भरवत होते. शेजारच्या कानडी काशम्मा उसना नारळ परत द्यायला आल्या होत्या. त्यांना आत्यांनी फोटो दाखवला, भाचा दाखवला, नाक दाखवलं.

"छान हाय की, अक्का. तो काय सांगितला, कुणाचा म्हणून?" काशम्मांनी विचारलं.

"त्यो काय सांगतुय? त्येनं तोंड उघडायच्या आदी मी वळखलं."

काशम्मा हसून गेल्या. माझा घास हातातच राहिला. लेक 'आ' करून बसलेली.

कारण ते खरं होतं. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. सांगोला आत्यांनी म्हटलं, जुनोनी आत्यांनी म्हटलं, कुंडलिकतात्या, पुणं, कंपनी, सगळं त्यांनीच पुढं केलं आणि त्यानं फक्त 'हो' म्हणून उचललं. आमच्यात पाहुणं काढतात, म्हणजे नातं शोधतात, ते असंच. समोरच्याला सोपं जावं म्हणून उत्तर प्रश्नातच घालून देतात. लग्नाकार्यात मी शंभर वेळा ऐकलंय, आणि कधी बिघडलं नाही, कारण तिथं खोटं बोलायला कुणी येत नाही.

आणि दुसरं. आत्या जुनोनीच्या लेक. तिथला भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, त्यांना आत्या म्हणेल. हा शेवटपर्यंत मावशी म्हणत होता, जसं शहरात कुठल्याही बाईला म्हणतात.

मी मल्हारला फोन लावला. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान, शनिवारची गर्दी.

"वैजू, गिऱ्हाईक आहे समोर," तो म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "तुला पोरीच्या झबल्याच्या बटनातसुद्धा धोका दिसतो."

"बटन तिनं गिळलं होतं."

"बरं. पण म्हणून सगळं जग बटन नसतं." मागून कुणीतरी अस्तराचा भाव विचारला आणि फोन बंद झाला.

सोनालीला सरळ फोन करावा, तर तो शेजारी उभा. रस्त्यावर गोंगाटात ती स्पीकर लावूनच बोलते. आणि सोनालीचा चेहरा असा, की आतलं सगळं बाहेर दिसतं. तिनं घाबरून त्याच्याकडे पाहिलं असतं आणि मग त्याला कळलं असतं की आम्हाला कळलंय.

आत्या पान लावत होत्या. मी समोर बसले.

"आत्या, कुंडलिकतात्या जाऊन किती वर्षं झाली?"

"सोनी शाळंत हुती. तेराव्याला आलती की माज्यासंगं. दोन बुंदीचं लाडू खाऊन वकली." मग त्यांचा हात थांबला. "का गं?"

"सोनालीला फोन लावा आणि सांगा, तात्या आज सकाळी गेले."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मेल्याल्या मान्साला परत मारू व्हय?"

"नातू असेल तर तो म्हणेल, मावशी काय बोलताय, आजोबा जाऊन वर्षं झाली. मग मी तुमचे पाय धरीन."

"आनि न्हाय म्हणला तर?"

मी फोन त्यांच्यापुढं धरला. आत्यांनी पान तसंच डब्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "लाव."

सोनालीनं उचलला. वारा, माणसं, कुठंतरी बँड वाजत होता. "आई, कसलं भारी आहे इथं. दादा पण आहेत, स्पीकरवर आहेस तू."

"सोने, वाईट झालं गं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खरा होता की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. "जुनोनीचं कुंडलिकतात्या गेलं आज सकाळी."

पलीकडं सोनाली गप्प. ती तेरावं आठवत असणार, लाडू आठवत असणार. आणि तेवढ्यात त्याचा आवाज आला, जवळून, मऊ.

"हो मावशी. मलाही घरून फोन आला मघाशी. सोनालीचा फिरायचा दिवस खराब नको म्हणून बोललो नाही. आजोबांनी फार केलं आमच्यासाठी."

आत्यांनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. पण आवाज हलला नाही.

"मग तुज्या घरात सुतक हाय की रं, लेकरा. सख्खा नातू तू. सुतकाच्या घरात पाव्हनी कशी ठिवायची?"

तो हसला. "इथं परदेशात कुठलं सुतक, मावशी."

"सुतक मान्साला असतंय, गावाला न्हाय. सोने, तू हाटेलात जा. तुला तात्याचं तेरावं ध्यानात हाय न्हवं, तवा काय झाल्तं? तसं व्हईल बग."

"व्हय, आई," सोनाली म्हणाली. घरातून गेल्यापासून ती 'हो' म्हणायची. आज 'व्हय' आलं. "ध्यानात हाय."

"मावशी, रेश्मा वाट बघतीय," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ, पण आता तो सोनालीशी बोलत नव्हता, आत्यांशीही नाही; ठरलेलं वाचून दाखवावं तसा बोलत होता. "घरी जाऊ, तिथं बसून ठरवू. गाडी लावलीय मी पलीकडं."

लोकलच्या अंतरावर घर असलेल्या माणसानं गाडी आणलेली, हे तो पहिल्यांदाच बोलला होता.

"मी जरा बाथरूमला जाऊन येते," सोनाली म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आत्या माझ्याकडे बघेनात. मी लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, ती रडत नव्हती तरी थोपटत राहिले. मल्हारला फोन केला नाही. तेवढ्या वेळात सोनालीचा आला तर लाइन मोकळी हवी.

आला. व्हिडिओ. ती भरभर चालत होती, श्वास लागलेला.

"वैनी, मी दुसऱ्या बाजूनं निघाले. तो तिथंच उभाय की मागं आलाय, मला कळत नाही. मला वळून बघायची भीती वाटतीय."

"वळू नको," मी म्हटलं. "फोन खांद्यावर धर. कॅमेरा मागं. मी बघते."

आम्ही पॅरिस पाहिलं ते असं. तिच्या खांद्यावरून, उलटं जाणारं. पूल, करडं पाणी, छत्र्या, टोप्या घातलेली शाळेची पोरं, फुलं विकणारा, एक नवरी फोटो काढत होती. मध्येच तो अख्खा टॉवर पडद्यात आला आणि सरकून गेला. मी एकेक तोंड बघत होते. आत्या माझ्या गालाला गाल लावून, पुन्हा पुन्हा तेवढंच, "हाय का? हाय का गं?"

"नाही अजून."

मग दिसला. पळत नव्हता. माणसांतून वाट काढत, सॅक खांद्यावर, ओळखीचं कुणी पुढं चाललंय आणि गाठायचंय एवढ्याच घाईनं.

"सोनाली, समोर काय आहे?"

"मोठं हॉटेल. दारात माणूस उभाय."

"आत जा. कुणी काही विचारलं तरी थांबू नको, काउंटरवर जा."

काचेचं दार फिरलं. उजेड, गालिचा, काउंटरवरची बाई. सोनाली तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागली, अर्धं बोलली आणि रडायला लागली. त्या बाईनं बाहेर येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. फोन अजून दाराकडेच होता.

तो रस्त्यापलीकडं येऊन थांबला. काचेतून बघत होता. त्यानं सॅक खांद्यावरून काढून पुढं धरली, 'तुझी आहे, घेऊन जा' अशी. मग फोन दिसला असावा, कारण त्यानं सॅक खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. आम्हाला.

"वैनी, पासपोर्ट खिशात आहे माझ्या. पण कार्ड सॅकमध्ये आहे. जर्मनीत राहायच्या परवान्याचं," सोनाली म्हणाली. "तो देतोय तर घेऊन येऊ का? रस्त्यावर काय करणार तो?"

"न्हाय," आत्या म्हणाल्या. एवढंच. मी त्यांचा असा आवाज लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

काउंटरवरच्या बाईनं फोन उचलला. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, सॅक पुन्हा खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. गर्दीत त्याची पाठ थोडा वेळ ओळखू आली, मग नाही.

मल्हार आला तेव्हा सोनाली पोलिसांसमोर बसली होती, फोन चालूच. त्यानं सगळं ऐकलं, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "सुटली बाबा एकदाची." मग माझ्या खांद्यावरची लेक स्वतःकडे घेतली.

आत्या पडद्याकडेच बघत होत्या. "सोने, त्या कार्डावर काय असतंय?"

"नाव. फोटो. जन्मतारीख." सोनाली थांबली. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना मला दिसलं. "आणि मागं पत्ता असतो, आई. माझ्या खोलीचा."

"खोलीवर आनि कोण असतंय?"

"कुणी नाही. मी एकटी."

त्याच्याकडे गाडी होती. सोनालीची परतीची बस दुसऱ्या दिवशी रात्रीची होती.