शेषेरावांच्या तारुण्यपीटिका

जळकोटात कापडाचं दुकान चालवणाऱ्या शेषेरावांच्या कपाळावर ऐन पन्नाशीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. आधी दोन-तीन, मग रांगच. बायको सिंधू म्हणाली, उष्णता झाली असंल, आंबे कमी खा. शेषेरावांनी आंबे सोडले, पुटकुळ्यांनी कपाळ काही सोडलं नाही.

औषधाच्या दुकानात मलमाच्या खोक्यावर त्यांना एक शब्द दिसला: तारुण्यपीटिका. तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला आणि मलम न घेताच घरी आले.

"सिंधू, हे साधे फोड न्हाईत," ते म्हणाले. "तारुण्य परत येऊन राहिलंय."

तेव्हापासून माणूसच बदलला. गिऱ्हाइकाशी बोलताना कपाळ मुद्दाम पुढं करू लागले. शेजारच्या भीमाशंकर सोनाराला म्हणाले, तुला न्हाई यायच्या, त्याला अंगात रग लागते. सोनार दिवसभर आरशात कपाळ चाचपत बसला.

पुढं पुटकुळ्यांत पू झाला, लई ठणकू लागलं. सिंधूनं त्यांना लातूरला डॉक्टर बुद्धप्रियाबाईंकडे धाडलं. शेषेराव गेले ते कौतुक ऐकायलाच.

बाईंनी समजावलं, की केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तेल आणि मेलेली कातडी साचून छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, मग सूज येते, पू होतो. वयात येताना हे तेल जास्त सुटतं.

"मला तेच होऊन राहिलंय," शेषेराव खुशीत म्हणाले.

बाईंनी वाकून पाहिलं. सगळ्या पुटकुळ्या केसांच्या कडेनं ओळीत होत्या. डोक्याला काय लावता, त्यांनी विचारलं. केस गळतात म्हणून खोबरेल अन् एरंडेल वाटीभर चोपडतो, उशी खराब होऊ नये म्हणून वरून घट्ट कानटोपी घालून झोपतो, शेषेरावांनी सांगितलं.

"एवढ्या उन्हाळ्यात?"

"हाव."

"काका, तारुण्याचा काही संबंध नाही. तेल कपाळावर उतरलंय, अन् टोपीनं ते दाबून धरलंय."

शेषेरावांनी कपाळावरच्या पुटकुळ्या बोटानं चाचपल्या. मग हळूच म्हणाले, "एखादी ठेवता ईल का?"

बाईंनी मलम लिहून दिलं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. कॉलेजची एक पोरगी उठून म्हणाली, आजोबा, बसा. शेषेराव मुकाट्यानं बसले. घरी येऊन त्यांनी सिंधूला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.